उडता गालिचा, कमाल चार माणसे

बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस जादूकडे कसा बघेल? कमरेवर हात ठेवून, मान वर करून, "दोर कोणी तपासला?" असं विचारत.

मामांना कामावर सगळे 'आधीबंद' म्हणत. कुठल्याही लिफ्टपाशी पोचले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी बंद करा." निवृत्तीनंतर घरात बंद करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा भाचीने चेटक्यांच्या गोष्टींची पाच जाडजूड पुस्तकं आणून दिली. मामांनी ती वाचली नाहीत, तपासली. समासात लाल पेनाने शेरे मारले: 'म्हातारा काठी आपटतो आणि पूल उभा राहतो. भाराचा हिशेब कोणी केला?' आणि पाचव्या पुस्तकाच्या शेवटी, दोनदा अधोरेखित: 'नायक अडकला की लेखक वरून दोर सोडतो. ही जादू नव्हे, वशिला!'

झालं, मामांना तत्त्वज्ञान सापडलं. प्रत्येक मंत्राला मर्यादा हवी, किंमत हवी आणि बिघाड हवा. या पायावर त्यांनी स्वतःचा खेळ रचला. खेळणाऱ्यांनी एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे, निवाडा मामांचा. दोन वर्षांत सात वह्या आणि अकराशे त्रेचाळीस नियम झाले. उडत्या गालिच्यावर कमाल चार माणसे. जादूच्या काठीची सहामाही तपासणी. ड्रॅगनने तीनदा आग ओकली की त्याला निवायला पाऊण तास द्यायचा. हे सगळं जेवणाच्या टेबलावर पसरलेलं, आणि मामा-मामी ताटं मांडीवर घेऊन जेवत होते.

मामी प्रसूती वॉर्डातल्या परिचारिका. "माझ्याकडे एकीची दोन माणसं होतात रोज," त्या म्हणाल्या, "कशी होतात ते मला पाठ आहे, तरी दर वेळी बघत राहते. तुमच्या अकराशे नियमांत बघत राहावं असं आहे का काही? या रविवारी खेळून दाखवा. भाची-जावई पुन्हा येतो म्हणाले तर ठीक, नाहीतर वह्या माळ्यावर."

रविवारी भाची आली, नवऱ्याला घेऊन. दहाला खेळ सुरू झाला. साडेबाराला मंडळी अजून गालिच्याचे काठ तपासत होती.

"मामा, राक्षस कधी येणार?" भाची फोन चाळत म्हणाली.

"आधी चाचणी."

माणसं तीनच, पण चाचणीत गालिचा वजनाला भरला जास्त. चिलखतासकट जावयाचं वजन एकशे दहा किलो, मग त्यांना खाली उतरवलं. बिचारे जंगलातून पायी निघाले आणि तिसऱ्या फाशाला राक्षसाने त्यांना खाल्लं.

"अहो, जावयाला असं मारतात का?" मामी कडाडल्या.

"नियमात बसत होतं," मामा म्हणाले.

मामी खेळात वैदू होत्या. "मग मी जिवंत करते त्यांना. काय लागतं?"

मामांनी चौथी वही उघडली. "नियम सहाशे नऊ. वैदूने स्वतःची एक खरी आठवण द्यायची. खेळातली नाही, आयुष्यातली. दिली की संपली, पुन्हा कधी कुणापुढे काढायची नाही."

"दिले! तुमचे लिफ्टचे सगळे किस्से."

जावई मेलेले असूनही हसले.

"गेल्यावर चुटपुट लागेल अशी हवी," मामा कडक आवाजात म्हणाले.

मामींनी पदराशी चाळा केला. "बरं. मी लिफ्टमध्ये अडकले होते ती. रात्रपाळीला निघालेली, चाळीस मिनिटं काळोखात. वरून एक आवाज सारखा सांगत होता, दोर मी स्वतः तपासलाय, घाबरू नका. चेहरा नंतर दिसला." त्यांनी मामांकडे पाहिलं. "ही चालेल का? मौल्यवान आहे की नाही, निवाडा तुमचा."

भाचीने फोन पालथा ठेवला.

आता आली पंचाईत. मौल्यवान नाही म्हणावं तर संध्याकाळचा चहा मिळायचा नाही. आहे म्हणावं तर ती गोष्ट या घरात पुन्हा निघायची नाही. मामांनी वही मागे चाळली, पुढे चाळली. अकराशे त्रेचाळीसपैकी एकही नियम मदतीला आला नाही. मग त्यांनी लाल पेन काढलं आणि नवा लिहिला, मोठ्याने वाचत.

"आठवण दोघांची असेल तर एकट्याला देता येणार नाही. दोघांची संमती लागेल."

"माझी आहे," मामी म्हणाल्या.

"माझी नाही."

"हा वशिला झाला, मामा!" भाची ओरडली. "स्वतः अडकलात म्हणून वरून दोर सोडलात!"

मामांचे कान लाल झाले, पण पेन काही खाली ठेवलं नाही. "निवाडा झाला," ते म्हणाले.

"म्हणजे मी मेलो तो मेलोच?" जावयांनी विचारलं.

"मेलात. माफ करा, जावईबापू."

"या घरची माणसं कठीण आहेत," जावई बायकोला म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले. "पुढच्या रविवारी मी हडकुळं पात्र घेऊन येतो. पण मामा, तो नवा नियम मला मान्य नाही. त्यावर आधी भांडायचंय."

मामींनी दोन वह्या उचलून खिडकीत ठेवल्या. बाकीच्या पाच ढकलून ढकलून टेबलाच्या एका टोकाला नेल्या आणि मोकळ्या झालेल्या टोकावर चार ताटं मांडली.

"एवढीच हद्द," त्या म्हणाल्या. "याच्या अलीकडे एक नियम जरी आला, तरी पोळीत गुंडाळून वाढेन."

मामांनी ते लिहून घेतलं.