शर्टाचा वास

आजही यांचा शर्ट भिजवण्याआधी मी हुंगून बघते. ही सवय एका जुन्या संध्याकाळची. कधी रुमालही न धुतलेले माझे कारकून नवरोबा, पंचेचाळिशीत, मोरीत गुपचूप शर्ट घासत होते.

"तुम्ही काहून धुऊन राहिले?"

"शाई सांडली."

कुणाचं अत्तर असेल म्हणून शर्ट हिसकावून हुंगला, तर डिझेल! ऑफिसात डिझेल कुठून आलं?

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघालेल्या यांच्या मागोमाग मी हायवेवरच्या कारधा गावापर्यंत गेले. हे ट्रकच्या स्टिअरिंगवर, घामाघूम आणि चक्क हसत.

"नोकरी सोडली मी. ट्रक शिकून राहिलो."

मी तिथंच आकांडतांडव केलं. ते हसू मला कळायला वर्षं लागली.

आता शर्टाला डिझेलचा वास आला नाही, की मनात पाल चुकचुकते.