हळू न बोलणाऱ्या काकू

जगात काही शब्द हळू उच्चारायचे असतात, हे आमच्या शेजारच्या काकूंना कुणी शिकवलंच नव्हतं. मास्तरकीतून निवृत्त झाल्या, तरी आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. गर्भपाताचा कायदा बदलला, पुढे कोर्टाने अविवाहित मुलींनाही तोच हक्क दिला, तेव्हापासून त्यांना व्याख्यानाला कुठलीही जागा चालायची. आमच्या जरीपटक्याच्या बाजारात कोबी निवडताना भाजीवालीला, माझ्या भावाच्या साखरपुड्यात चक्क नवरीच्या आत्याला! आत्याबाई पदर तोंडाशी धरून उठून गेल्या. "काहून गेल्या वं त्या?" काकू म्हणाल्या. "मी तं आताशी चोवीस आठवड्यांच्या मुदतीवर आली होती."

गेल्या वर्षी नरखेडकडची, इथे हॉस्टेलात राहणारी एक मुलगी त्यांच्याकडे आली. दिवस गेलेले, लग्न झालेलं नव्हतं. दवाखान्याने "आईवडिलांना घेऊन ये" म्हणून परत पाठवलेलं. जेवण सुटलं होतं, झोप उडाली होती. "घरी कळलं तर मी जगत नाही," एवढंच बोलली. काकूंनी चपला घातल्या. स्कूटर अर्थात माझी. दुसऱ्या दवाखान्यातही काउंटरवर पालकांची सही मागितली. आता सगळ्या वेटिंग रूमला कायदा कळणार, म्हणून मी डोळे मिटले. पण काकू कुजबुजल्या, "ती सज्ञान आहे, मॅडम. तिचीच सही पुरते. आन् नाव बाहेर नाही गेलं पाहिजे." डॉक्टरांनी ऐकलं, मुलीला आत घेतलं, आणि सगळं नीट पार पडलं.

तिची झोप मात्र परत येईना. "कायद्यानं तं सोडवलं हिले, मंग ही रडून काहून राहिली?" काकूंनी मलाच विचारलं. मग त्या तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेऊ लागल्या. तिथल्या बाकावर वाट बघताना एकदा स्वतःहून म्हणाल्या, "कॉलेजात माझ्या खोलीवरच्या मैत्रिणीले असंच दवाखान्यातून परत पाठवलं होतं. मंग ती कोण्या बाईकडे गेली, ती परत आलीच नाही. मी किती दिवस दाराची कडी लावत नव्हती."

ती मुलगी आता बरी आहे, नोकरी करते. रविवारी काकूंबरोबर गावोगावच्या बायकांशी बोलायला जाते. परवा काकूंचे गुडघे धरले, म्हणून एसटीने एकटीच गेली. दुपारी तिचा फोन आला. "काकू, एक पोरगी आली आहे. बोलतच नाही, नुसती रडून राहिली. काय सांगू तिले?"

काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काही सांगू नको वं," त्या म्हणाल्या. "जवळ बसून राय तिच्या."