रामदासभाऊंचा नॉर्मल रिपोर्ट

दिवे गेले. मी म्हणाले, "रामदासभाऊ, उठू नका, पायाशी वायर आहे." ते उठले. वायर पायात अडकली आणि कान तपासायचं मशीन टेबलावरून धाडकन खाली आलं.

"भाऊ, लागलं का?"

उत्तर नाही.

"भाऊ, ऐकताय ना?"

उत्तर नाही. सुरतेत उधन्याला असलेल्या आमच्या सेंटरमधली ही खोली बिनखिडकीची. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना फोम लावलेला. भर दुपारी मिट्ट काळोख झाला होता. कोपऱ्यातून त्यांना परत तपासायला घेऊन आलेल्या बायकोचा, सुमनताईंचा, आवाज आला, "मॅडम, मी तवय हाईच सांगेल व्हतं."

'तवय' म्हणजे दोन वर्षांपूर्वी, आणि तेव्हा त्यांना खोटं पाडलं होतं ते मीच.

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कोणाला किती ऐकू येतं ते मोजणारी. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खडखडाटात आयुष्य काढलेल्या माणसांच्या कानांचं आणि मनाचं काय होतं, असा आमचा अभ्यास चालू होता. लिंबायतच्या एका बालवाडीत आम्ही कॅम्प लावला, लूमच्या सुट्टीच्या दिवशी. सुरुवातीला मी माइकवर भाषण ठोकलं. अलीकडचं संशोधन सांगतं की ऐकू कमी येणं हे फक्त कानाचं दुखणं नाही. माणूस गप्पांतून बाजूला होतो, 'हां, बरं' करून वेळ मारून नेतो, एकटा पडतो. घरच्यांना वाटतं, हा तुसडा झाला. टाळ्याही पडल्या.

मग तपासणी. ती अगदी सोपी असते. हेडफोन लावायचा, बारीक शिटीसारखा आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. आवाज लहान लहान करत न्यायचा, बटण थांबलं की तिथे ऐकणं संपलं. एकच पथ्य, तपासणाऱ्याचे हात समोरच्याला दिसता कामा नयेत. पण खोली एवढीशी आणि रांग रस्त्यापर्यंत. मी सगळ्यांना टेबलापलीकडे, माझ्यासमोर बसवलं. एवढ्याशाने काय होतंय, असं मला वाटलं.

रामदासभाऊ मूळचे अमळनेरकडचे, तीस वर्षं लूमवर. रिपोर्ट आला, दोन्ही कान नॉर्मल. सुमनताईंना तो पटेना.

"मॅडम, घरमा मी हाका मारी मारी थकी जास. त्या दखतस भी नही."

मी रिपोर्ट त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "ताई, कान उत्तम आहेत. तुमचंच ऐकायचं नसेल त्यांना!"

रांग खो खो हसली. पदर तोंडाला लावून सुमनताईही हसल्या. रामदासभाऊ सगळ्यांकडे बघून हसले.

दिवे आले तेव्हा हे सगळं आठवत मी दुसरं मशीन काढलं. या वेळी त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. शिटी वाजवली. बटण गप्प. आवाज वाढवला. गप्प. माझ्या हेडफोनमधून मलाच सहन होईना इतका वाढवला, तेव्हा कुठे पहिल्यांदा बटण दाबलं गेलं.

मी समोर जाऊन उभी राहिले. "भाऊ, कॅम्पात तुम्ही आवाज ऐकून दाबत होता की मला बघून?"

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, प्रामाणिकपणे आठवलं. "तुमना हात हालना, का मी दाबू. तसंच करनं व्हतं ना?"

लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिथे ओठ वाचतात. पलीकडच्याने हात हलवला की यांचा हात मशीनवर जातो. तीस वर्षं ज्याने असं काम केलं, त्याच्यासमोर मी हात हलवत बसले होते. त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. सुमनताईंशी समोरासमोर बोलताना त्यांना सगळं 'ऐकू' येई. पाठमोरे असले की नाही.

मी प्रोजेक्टच्या सरांना फोन केला.

"त्या दिवशी अजून कितीजणांना असं बसवलं?"

"सगळ्यांना, सर."

"त्या दिवसाचे आकडे काढून टाक. सगळ्यांना परत बोलव."

बोलावलं. बरेचजण आले, त्यातल्या काहींचे कान रामदासभाऊंसारखेच निघाले. कॉम्प्युटरमधले जुने आकडे एका दुपारी पुसून झाले.

रामदासभाऊंना कानात घालायचं ऐकण्याचं मशीन बसवलं. ते नीट करताना सुमनताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, मनी पोरले एक फोन करशात का? ती मनं आइकत नही."

त्यांची मुलगी कविता पुण्याला असते. तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलेलं. बापाने थोडी कुरकुर करून होकार दिलेला. मी फोन लावला आणि सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "मला मुलगी झाली ना, ते मी पप्पांना स्वतः फोनवर सांगितलं. ते 'हां, बरं' म्हणाले आणि फोन आईकडे दिला. मला वाटलं, लग्नाचा राग अजून आहे. परत त्यांच्याशी बोलले नाही. माहेरी पण गेले नाही. आई सांगायची, पप्पांनी अख्ख्या खात्यात पेढे वाटले. मला वाटायचं, आई सारवासारव करते."

"त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं, कविता."

"आई तेच म्हणायची. पण शेजारच्या मावशींनी मला रिपोर्टचा फोटो पाठवला होता. दोन्ही कान नॉर्मल. पप्पांची आठवण आली ना, की मी तो फोटो काढून बघायची. म्हणजे राग टिकायचा. मॅडम, तो रिपोर्ट तुम्ही दिला होता?"

"हो."

तिने फोन ठेवला. पुढच्या महिन्यात ती सुरतेला आली, असं सुमनताईंनी सांगितलं. मला तिने परत फोन केला नाही, आणि करावा असं मी काही केलेलंही नाही. नात दीड वर्षाची होती. आजोबांना बघून ती आईला बिलगली आणि रडायला लागली.

आता माझ्या खोलीतली खुर्ची भिंतीकडे तोंड करून जमिनीला स्क्रूने घट्ट बसवलेली आहे. बायका नवऱ्याची तक्रार सांगतात ती मी लिहून घेते, मशीन काहीही म्हणो. नवीन आलेला एखादा कामगार खुर्चीकडे बघून बिचकतो आणि विचारतो, "मॅडम, तोंड फिरवून का बसवता? रागावल्या का?"

मी त्याच्यासमोर जाऊन, ओठ नीट दिसतील असं, म्हणते, "नाही."