पोरगा शांत हाय

लग्नाआधी मुलाच्या स्वभावाची चौकशी करायला माणसं येतात, तेव्हा शेजाऱ्यांकडे ठरलेली तीनच उत्तरं असतात. मुलगा होतकरू आहे, मुलगा मनमिळाऊ आहे, नाहीतर मुलगा शांत आहे. चौथं उत्तर देणारा शेजारी आमच्या वऱ्हाडात अजून जन्माला यायचाय. मीही शेजारीणच. मी तिसरं उत्तर दिलं होतं, आणि ते गेली चार वर्षं माझी पाठ सोडत नाही.

आमचं घर अमरावतीत, वलगाव रोडच्या कडेला. मागे थोडं वावर, त्यात भाजीपाला. त्या दिवशी मी अंगणात सांबाराच्या जुड्या बांधत होते. आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो, त्यावरून पुण्याच्या पाहुण्यांची चांगली फजिती होते. फाटकाशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. भातकुलीकडचे, हातात कापडी पिशवी, चपला धुळीनं भरलेल्या. त्यांच्या मुलीचं आमच्या शेजारच्या मुलाशी जुळत होतं.

"ताई, पोरगा स्वभावानं कसा हाय जी?"

मी जुडीचा दोरा दातातून सोडला आणि म्हटलं, "शांत हाय. कधी आवाज नाही आयकला त्याच्या घरातून."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बस, मले तेवढंच पायजे. आमची पोरगी लय बडबडी हाय." तांब्याभर पाणी प्यायले, चहाला नको म्हणाले आणि गेले.

मी खोटं बोलले नव्हते. पंचाईत तीच आहे.

आमच्या आणि शेजारच्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. त्यांची भांडी घासायची जागा आमच्या अंगणातून सरळ दिसते. आदल्या वर्षी त्या मुलाच्या आईनं त्याच्या जुन्या वह्या न विचारता रद्दीत दिल्या होत्या. तो ओरडला नाही. आईनं ताट वाढलं की ते घेऊन बाहेर यायचा, सगळं अन्न गाईच्या टोपल्यात रिकामं करायचा, ताट लख्ख घासायचा आणि मधल्या भिंतीवर पालथं ठेवायचा. मी दिसले की हसून विचारायचा, "काय काकू, बरं हाय नं?" मग ड्यूटीवर जायचा, बाहेरच काहीतरी खायचा. असे अकरा दिवस, दोन्ही वेळा. आई बिचारी रोज कालच्यापेक्षा चांगलं रांधायची. एक दिवस भरली वांगी, एक दिवस पातोडी. बाराव्या दिवशी तो जेवला, तेव्हा ती मला वाटीभर भाजी घेऊन आली. तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती.

आमच्या घरातला राग म्हणजे मिरचीची फोडणी. सगळ्या गल्लीला ठसका, आणि पाच मिनिटांत खेळ खलास. आमचे हे चिडले की शेजारचं कुत्रं उठून जातं, पण लगेच चहा मागतात. मीही काही कमी नाही. त्यामुळे त्या पालथ्या ताटातला राग मला समजला नाही, म्हणून मी त्याला राग म्हटलंच नाही. खरं सांगायचं तर घाबरलेही होते. लग्नात मोडता घालणारी म्हणून नाव झालं असतं, आणि भिंतीपलीकडच्यांचं तोंड मला रोज पाहायचं होतं. वर 'लग्न झालं की सुधारतात' हे होतंच. हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा काढलं, त्याच्या घरी एकदा जाऊन पाहायला हवं.

सून आली आणि ते मुकं घर बोलायला लागलं. ती सासूशी बोलायची, बहिणीशी फोनवर बोलायची, कोणी नसलं तर कुकरशी बोलायची. "काकू, कढीपत्ता तोडू का वो?" विचारेपर्यंत निम्मी फांदी तिच्या हातात असायची. मला फार आवडायची.

मग एका दुपारी मी कपडे वाळत घालायला गेले, तर भिंतीवर ताट पालथं. माझ्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. त्या वेळी ताट सहा दिवस दिसलं. पुढच्या खेपेला नऊ दिवस. हळूहळू तिचा आवाज उतरत गेला. आधी गाणं बंद झालं, मग फोन, मग कुकरशी बोलणं. हात? हात त्यानं कधी उचलला नाही. गल्लीत त्याचं कौतुकच होतं.

मागच्या उन्हाळ्यात ती भिंतीशी आली आणि अगदी हळू म्हणाली, "काकू, माहे बाबा लग्नाच्या आधी तुमच्याकडे आले होते नं? तुमी काय सांगतलं होतं त्याईले?"

"थांब, माझा कुकर झाला," म्हणून मी आत पळाले. गॅसवर काहीही नव्हतं. मी ओट्याला धरून उभी राहिले, आणि त्या दिवसापासून ती अंगणात असली की मी मागच्या दारानं जायला लागले.

अशातच आमच्या मुलीला अकोल्याचं स्थळ आलं. मुलगी लॅबमध्ये काम करते, आमच्यासारखीच तोंडाळ. मुलाशी दोन-चारदा फोनवर बोलली आणि खुशीत येऊन मला म्हणाली, "आई, तो कधी चिडतच नाही गं."

आम्ही दोघं एसटीनं अकोल्याला चौकशीला गेलो. माणसांनी पानठेल्यावर विचारायचं आणि बायांनी बायांना, अशी रीत. आमचे हे पानठेल्याकडे गेले. मी मुलाच्या घराशेजारी 'इकडे भाड्यानं खोली मिळते का' म्हणून शिरले. असल्या बहाण्याला कोणी फसत नाही, पण तो करावाच लागतो. एक बाई ओट्यावर गहू चाळत होत्या. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं आणि स्वतःच विषय काढला.

"शांत हाय पोरगा. कधी आवाज नाही आयकला त्याच्या घरातून."

शब्द न् शब्द माझे. या वाक्याची किंमत त्या वेळी त्या गल्लीत माझ्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. मी त्यांच्याजवळ सरकून बसले आणि विचारलं, "बाई, भाजीत मीठ जास्त पडलं तं तो काय करते?"

त्यांचा चाळणीवरचा हात थांबला. त्यांनी शेजारच्या भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "बाई, मले इथंच राहाचं हाय." आणि लगेच मोठ्यानं, "चहा ठेवू का वो?"

परतीच्या गाडीत आमचे हे खूश होते. पानठेल्यावर पोराविरुद्ध एक शब्द निघाला नव्हता.

"त्या बाईनं तुले काही सांगतलं का?"

"नाही."

"मंग?"

"तेच तं म्हणते."

यावर ते एवढ्यांदा ओरडले की कंडक्टर वळून पाहायला लागला. तीस वर्षांत त्यांचं ओरडणं मला पहिल्यांदा गोड लागलं.

घरी आल्यावर मुलीला सगळं सांगितलं, ताटासकट. ती आधी हसली. मग म्हणाली, "मी पाहते." रविवारचं भेटायचं ठरलं होतं, तिनं जमत नाही म्हणून कळवलं. तो शांतपणे म्हणाला, "ठीक आहे." त्यानंतर नऊ दिवस त्यानं ना फोन उचलला ना मेसेजला उत्तर दिलं. रोज संध्याकाळी ती मला बोटांनी आकडा दाखवायची. दहाव्या दिवशी त्याचा फोन आला. बोलून झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "आई, काहीच झालं नाही असा हसत बोलला गं."

स्थळ मोडलं. रात्री मी पोटभर जेवले आणि मग मला माझीच लाज वाटली. मिठाचा तो प्रश्न मला माझ्या पोरीसाठी बरोबर सुचला. दुसऱ्याचा बाप दारात उभा होता तेव्हा मी जुड्या बांधत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारानं गेले नाही. शेजारची सून अंगणात होती. भिंतीवर ताट पालथं होतं.

"ताईचं स्थळ मोडलं म्हन्ते," तीच म्हणाली. "काहून वो काकू?"

"लय शांत होता पोरगा."

मी भिंतीला धरलं. "तुह्या बाबाले मी हेच सांगतलं होतं. माहीत असून सांगतलं. चुकलं माह्यं."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला शिव्या घालेल. मी दोन्हीची तयारी केली होती. ती तिच्या त्या नव्या, बारक्या आवाजात म्हणाली, "खरंच तं सांगतलं तुमी. शांतच हाय तो."

"बाबाचा नंबर दे. मी बोलते त्याईच्याशी. या खेपेला सगळं सांगते."

तिनं मागे दाराकडे पाहिलं. मग एका दमात दहा आकडे म्हणाली, न अडखळता, पुन्हा एकदा तेच दहा. आत खुर्ची सरकली. तिनं भिंतीवरचं ताट उचललं आणि ती घरात गेली. माझ्याजवळ ना कागद होता ना फोन. ते आकडे विसरू नयेत म्हणून मी पुटपुटत घराकडे धावत सुटले.