नुसुंदा शिरासे आणि चष्मेवाल्याच्या सासूबाई

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान आहे. आत गेलं की डावीकडे फ्रेमांची आरसेवाली भिंत, समोर अक्षरांचा तक्ता आणि काउंटरच्या मागे काच घासायचं यंत्र. त्या यंत्राच्या घरघरीत चष्मेवाला एक वेगळाच उद्योग करत बसलेला असायचा. गिऱ्हाइकाला तक्त्यावरची शेवटची ओळ दिसेना म्हणून तोंडाने हळहळायचा, आणि खाली मोबाईलवर जपानी वाचायचा.

जपानी तो कुठल्या वर्गात शिकला नव्हता. तरुणपणी त्याच्या हाती एक जपानी व्हिडिओ गेम लागला होता. तो कधी दुसऱ्या कुठल्या भाषेत आलाच नाही. त्यात एका दारापाशी तो अडकला. दाराशेजारी एक म्हातारी बसलेली, आणि ती दर वेळी तेच ते वाक्य बोलायची. चष्मेवाल्याने शब्दकोश आणला, अक्षरं गिरवली, महिनोन्‌महिने डोकं फोडलं, आणि एके दिवशी म्हातारीचं वाक्य उलगडलं. ती म्हणत होती, "अरे, दार ढकलू नकोस, ओढ."

त्या दारातून जो आत गेला तो परत आलाच नाही, असं त्याची बायको म्हणते.

पुढे त्याने 'भिंगाखाली' नावाचं पान इंटरनेटवर सुरू केलं. जपानमध्ये कुठला नवा गेम जाहीर झाला, कुठला पुढे ढकलला, कुठल्या जुन्या गेमला नवा रंग फासून परत विकायला काढलाय, आपल्याकडे तो कधी येईल, येईल का, आणि आलाच तर मूळ आवाज ठेवतील की नाही, ही सगळी खबर त्या पानावर आपल्या भाषेत मिळायची. वाचणारे थोडे, पण कट्टर. एकाही बातमीला उशीर झाला तर दुकानात फोन करून "तब्येत बरी आहे ना?" विचारणारे.

या कट्टरांमधल्या सगळ्यात कट्टर वाचक म्हणजे त्याच्या सासूबाई.

सासूबाई जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा लेकीकडे आल्या, चार दिवस म्हणून. टीव्हीवरच्या मालिकांना त्या तासाभरात कंटाळल्या. "या बाया नुसत्या एकमेकींकडे बघतात, बोलत काहीच नाहीत," म्हणाल्या. जावयाने भीत भीत त्यांच्या हातात कंट्रोलर दिला. पाळीपाळीने वार करायचे, असा जुन्या धाटणीचा जपानी गेम. सासूबाईंनी राक्षसाला एक फटका दिला आणि थांबल्या. राक्षसाने एक फटका दिला आणि तोही थांबला.

"बघ ग," त्या लेकीला म्हणाल्या, "याला म्हणतात सभ्य भांडण. समोरच्याचं पुरं झाल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. तुझ्या वडिलांना हे जमलं असतं तर!"

गुडघा बरा झाला. सासूबाई हलल्या नाहीत.

आता झालं काय, की जपानी गेमच्याच बातम्या देणारी एक भलीमोठी साइट होती. तिथे नोकरीला माणसं, तिचा मुख्य संपादक, तिच्या जाहिराती. चष्मेवाल्याने सकाळी टाकलेली बातमी दुपारी तिथे दिसायची, तीच वाक्यं थोडी मागेपुढे केलेली. त्याने ते मनावर घेतलं नव्हतं. पण एकदा त्याच्याकडून चूक झाली. गेम हिवाळ्यात येणार होता, त्याने उन्हाळ्यात लिहिलं. मोठ्या साइटवरही उन्हाळाच आला. आणि मग एका नव्या वाचकाने चष्मेवाल्यालाच सुनावलं, "साहेब, मोठ्या साइटवरून चुकांसकट ढापता, आणि वर मिशीला पीळ देता?"

चष्मेवाल्याला मिशी नव्हती, तरी ती जळाली.

बायको नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला होती. जेवताना तिने त्याचं सगळं रडगाणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्याकडे नकाशात एखादी खोटी गल्ली घालतात. अगदी बारीक, कुणाच्या वाटेत न येणारी. दुसऱ्याच्या नकाशात ती गल्ली दिसली, की चोर सापडला."

चष्मेवाल्याचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी 'भिंगाखाली'वर एक नवीन गेम जाहीर झाला. नाव 'नुसुंदा शिरासे'. जपानमधल्या कुठल्याशा छोट्या गावातला, तीन माणसं आणि एक मांजर एवढ्यांचाच स्टुडिओ. नायक चष्मेवाला. (हे सुचायला त्याला फार लांब जावं लागलं नाही.) गावात सगळ्यांच्या चष्म्यांची अदलाबदल झालेली असते, आणि ज्याचा चष्मा घालावा त्याने आयुष्यात पाहिलेलं आपल्याला दिसू लागतं. नायकाने घरोघरी जाऊन ज्याचा चष्मा त्याला द्यायचा. खाली एक ओळ होती : नावाचा अर्थ जाणकारांनी जरूर शोधावा.

जपानी येणाऱ्या चारदोन वाचकांनी अर्थ शोधला, आणि ते तोंडाला कुलूप लावून गंमत बघत बसले. कारण नुसुंदा शिरासे म्हणजे चोरलेली बातमी.

जपानी न येणाऱ्या सासूबाई मात्र वाचून हरखल्या. हातात मोबाईल घेऊन त्या सरळ दुकानात आल्या.

"जावईबापू, हा गेम मला पहिल्या दिवशी पाहिजे. आमच्या यांचा चष्मा अजून माझ्या कपाटात आहे. या माणसाने काय काय पाहिलं आणि मला सांगितलं नाही, ते मला एकदा बघायचंय."

चष्मेवाल्याच्या हातातली काच यंत्रावर जरा जास्तच घासली गेली. त्याने गिऱ्हाईक जाईपर्यंत दम धरला, मग खरं काय ते सांगून टाकलं.

सासूबाईंनी मोबाईल काउंटरवर पालथा ठेवला.

"म्हणजे हा गेम नाहीच?"

"नाही, आई."

"म्हणजे चोराला पकडायला लावलेल्या पिंजऱ्यात पहिली मी शिरले."

त्या उठून घरी गेल्या आणि त्यांनी अबोला धरला. चहाच्या वेळी लेकीला म्हणायच्या, "विचार त्यांना, चहा खरा आहे की त्याचीही नुसती बातमीच आहे?"

अबोला मोडला तो मोठ्या साइटने. तिसऱ्या दिवशी तिथे मथळा झळकला : 'नुसुंदा शिरासे, यंदाचा सर्वांत हळवा गेम!' आणि खाली, 'आमच्या जपानमधील विश्वसनीय सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार.'

चष्मेवाला आनंदाने उडालाच. त्याच क्षणी तो नावाचा अर्थ जाहीर करणार होता. पण सासूबाईंनी त्याचा हात धरला.

"थांबा. एवढ्यात कुठे? एक फटका तुम्ही मारलात, एक त्यांनी मारला. आता पाळी माझी."

"तुमची?"

"मी फसले ना? मग मला माझी पाळी नको? आधी मला सांगा, जपानी गेमचं नेहमी काय होतं?"

"पुढे ढकलतात."

"मग ढकला."

'भिंगाखाली'वर बातमी आली, नुसुंदा शिरासे लांबणीवर. संध्याकाळच्या आत मोठी साइट हळहळली. मग सासूबाई म्हणाल्या, स्टुडिओला पत्ता पाहिजे, बिनपत्त्याचा स्टुडिओ असतो का कुठे. चष्मेवाल्याने स्टुडिओच्या नावाने एक ईमेल उघडलं आणि बातमीखाली दिलं. दोनच दिवसांत त्यावर मुख्य संपादकांचे प्रश्न आले. आम्हाला खास मुलाखत हवी.

त्या दुपारी दुकानाची काच आतून बंद झाली आणि 'नंबर काढणे चालू आहे' अशी पाटी लागली. आत सासूबाई नंबर काढायच्या उंच खुर्चीत बसून उत्तरं सांगत होत्या आणि जावई ती जपानीत उतरवत होता.

"गेम लांबणीवर का पडला, असं विचारलंय."

"लिहा. नायकाचा नंबर वाढला."

"आई!"

"लिहा हो. पुढचा?"

"गेम साधारण किती तासांचा असेल?"

"डोळे दुखायला लागेपर्यंत."

"दुसरा भाग येईल का?"

"पुढचं आम्हालाही अंधुकच दिसतंय."

"या गेममागची प्रेरणा काय?"

सासूबाईंनी जावयाकडे नीट निरखून पाहिलं. "एक आळशी जावई. सासूला फसवतो आणि वर बातमी लिहितो."

हसता हसता चष्मेवाल्याच्या चष्म्याची काडी निखळली. उत्तरं तश्शीच्या तशी गेली. मोठ्या साइटने ती यंत्राकडून भाषांतर करून मोठ्या थाटात छापली. एवढ्यावर भागलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक लेखही लिहिला : 'जपानी गेममधील जावई, एक दुर्लक्षित परंपरा.' सासूबाईंनी तो मोठ्याने वाचून दाखवला. लेकीला उचकी लागली, ती थांबेना.

मग चष्मेवाल्याने एकाच ओळीची बातमी टाकली. नावाचा अर्थ.

त्या दिवशी लोकांनी मोठ्या साइटची जी टर उडवली, ती विचारू नका. मुलाखत गायब झाली, जावयावरचा लेख गायब झाला, पण तोवर तो गावभर झाला होता. दुपारी दुकानात फोन वाजला. सासूबाईंनी उचलला.

"मी मुख्य संपादक बोलतोय. मालकांना द्या."

सासूबाईंच्या गळ्यात एक्स्चेंजमधला जुना आवाज परत आला. "लाइनवर राहा, जोडून देते." आणि रिसीव्हर काउंटरवर ठेवून त्यांनी एका गिऱ्हाइकाला तीन फ्रेमा दाखवल्या. अधूनमधून रिसीव्हर उचलून "आपण रांगेत आहात" म्हणायला त्या विसरल्या नाहीत. शेवटी त्या स्वतःच बोलल्या.

"हं, बोल बाळा."

"तुम्ही आमची बदनामी केलीत! आम्हाला नावं ठेवलीत!"

"छे रे. आम्ही कुणाला नावं ठेवत नाही. गेमला तेवढं ठेवलं होतं. आणि त्यातच सगळं सांगितलं होतं की. तू वाचलं नाहीस."

"पण आजी..."

"जेवलास का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही," संपादक म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता.

"मग जेव आधी. आणि पुढच्या वेळी बातमी घेशील तर खाली नाव लिही. माझ्या जावयाचं पान आहे, धर्मशाळा नाही."

त्यानंतर नाव येऊ लागलं की नाही? येणार कसं, बातमीच येईना. मोठ्या साइटला प्रत्येक ठिकाणी पिंजरा दिसू लागला. पुढच्याच महिन्यात चष्मेवाल्याने खरीखुरी आणि जबरदस्त बातमी दिली. गेमच्या ज्या मालिकेच्या पुढच्या भागाची वाट बघता बघता एक पिढी चाळिशीच्या चष्म्यावर आली, तो भाग जाहीर झाला होता. मोठ्या साइटने ताबडतोब लिहिलं, 'सावधान! ही थाप आहे.' जपानमधून ट्रेलर आला तेव्हा जग नाचत होतं आणि संपादक स्वतःचाच मथळा पुसत होता. तेव्हापासून मात्र तो सरळ झाला. चष्मेवाल्याची बातमी खाली नाव देऊन घ्यायची, आणि घ्यायच्या आधी दुकानात फोन करून "आजी, खरी आहे ना?" असं विचारायचं, हे त्याने स्वतःला लावून घेतलं. सासूबाई त्याला कधी फसवत नसत. फक्त आधी जेवणाची चौकशी करत.

त्या नव्या भागाची वाट आता सासूबाईही बघत होत्या. तो खेळून झाला की मी आपल्या घरी जाते, असं त्यांनी लेकीला वचनच दिलं होतं. बॅगही काढून ठेवली होती. आणि एका सकाळी चष्मेवाला चहाचा कप हातात घेऊन दारात उभा राहिला. चेहरा पडलेला.

"आई, गेम पुढच्या वर्षावर गेला."

सासूबाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "परत?"

"खरंच. आत्ताच जपानीत वाचलं. अजून पानावरही टाकलं नाही."

"एकदा फसले मी, जावईबापू. दर वेळी नाही फसणार." त्यांनी मोबाईल उचलला आणि सरळ मुख्य संपादकांना लावला. "बाळा, तो गेम पुढच्या वर्षावर गेलाय म्हणतात. खरं आहे का रे?"

"आजी," संपादक अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "आम्हाला कसं कळणार? तुमच्या पानावर अजून आलेलं नाही."

सासूबाईंनी फोन ठेवला आणि लेकीला हाक मारून बॅग पुन्हा माळ्यावर टाकायला सांगितली.