जावयाला दिलेली स्कूटर
जुन्या स्कूटरच्या धुराचा वास आला की गोरखपुरातला तो दवाखाना आठवतो. बाबांच्या आतड्यात गाठ दिसली, सगळ्यांनी कॅन्सरच धरला आणि बाबांनी डोळे पुसत आपली लाडकी स्कूटर ताईच्या नवऱ्याला देऊन टाकली. मग बायोप्सीचा रिपोर्ट आला. घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, म्हणून मीच तो मोठ्याने वाचला: कॅन्सर नाही, क्वचित येणारी सूज आहे. डॉक्टर म्हणाले, "दवाई से उतर जाएगी." आईला रडू फुटलं. बाबा उठून बसले, "जावईबापूंना फोन लाव, चाबी घेऊन या म्हणावं." आईचं रडणं थांबलं. "जावयाला दिलेलं परत मागते का कोणी?" "अवं, मी मरून राहिलो होतो म्हणून दिली!" "आता जगून राहिले ना? मग पायी जगा." आज बाबा ठणठणीत आहेत आणि जावईबापूंच्या मागे बसून त्यांना गिअर कधी बदलायचा ते सांगत असतात.