चपलांचा सल्ला

माझ्या जुन्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन मी आयुष्यात पहिल्यांदाच खोललं, आणि शिळफाट्यामागच्या माझ्या घरी मला एक परीक्षक लाभला. नाव अजून ठाऊक नाही. रोज संध्याकाळी दुधाची किटली घेऊन ते अंगणात शिरायचे, काढून ठेवलेल्या चाकाला चपलेने डिवचायचे आणि ‘चक्’ करायचे. गाडीखालून मला फक्त त्या चपला दिसायच्या. सल्ले जणू त्याच द्यायच्या.

“बुशचे बोल्ट आताच आवळून टाक रं. मंग हात जात नाय.”

गाडी चाकांवर उतरवून, तिचा भार पडल्यावरच ते आवळायचे, नाहीतर बुशचं रबर पिळलं जाऊन गाडी पुढून उचललेलीच राहते, असं व्हिडिओत बजावलं होतं. पण व्हिडिओ काही डोक्याशी उभा राहून ‘चक्’ करत नाही. गाडी जॅकवर असतानाच मी आवळून मोकळा झालो.

शेवटी गाडी खाली उतरली, ती नाक वर करूनच. अगदी त्यांच्यासारखी. मी दार उघडलं. “बसा काका, घरी सोडतो.”

त्यांनी वाकून चाकाकडे पाहिलं. “बोल्ट कवा आवळलेस?”

“तुम्ही सांगितलंत तेव्हाच.”

त्यांनी किटली दुसऱ्या हातात घेतली. “मंग मी चालतच जातो.”